उजवं तीन, मोरी, माणसं

गाडी बघायला गेलो तेव्हा खिशात लोहचुंबक, टॉर्च आणि एक जुना टूथब्रश होता. मालकांनी बॉनेट आधीच उघडून ठेवलं होतं, इंजिन पुसून लख्ख केलं होतं. मी तिकडे न जाता मागचं दार उघडलं आणि सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याचा शेवटचा वीतभर भाग कायम गुंडाळलेलाच राहतो, तो कुणी धूत नाही. गाडी पुराच्या पाण्यात बसली असेल तर त्या वीतभर भागावर गाळाची तपकिरी रेघ सापडते. त्याआधी पाहिलेल्या सहा गाड्यांपैकी चार गाड्यांत ती सापडली होती. सातव्या गाडीचा पट्टा कडेला विसविशीत झाला होता, पण निघाला स्वच्छ. टॉर्च धरून उभ्या असलेल्या बहिणीने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात जुनी गाडी घ्यायची तर नदीच्या तारखा पाठ हव्यात. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी घराघरात शिरली. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. पूर ओसरला की दोन-तीन महिन्यांनी बाजारात चकचकीत आणि स्वस्त गाड्या दिसू लागतात. विकणारा दर वेळी लबाडच असतो असं नाही. ज्याचा तळमजला बुडाला त्याला पैशांची निकड असते. पण पाण्यात बसलेल्या गाडीच्या तारा पुढे कितीतरी वर्षं आतून सडत राहतात. कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवट पूड धरते. आज इंडिकेटर जातो, उद्या रेडिएटरचा पंखा, परवा पेट्रोलचा पंप. टूथब्रश त्या हिरव्या पुडीसाठी होता. चुंबक होतं लांबीसाठी: पत्रा सडून भोक पडलं आणि वर लांबी भरून रंग मारला, तर चुंबक तिथे चिकटत नाही.

गाडी होती 2006 ची मारुती एस्टीम. एमएच-05, म्हणजे आमच्या कल्याण आरटीओची, पांढरी, दोन मालकांची. 65,000 रुपयांना ठरली. तिची 15 वर्षं भरली होती, त्यामुळे फेरनोंदणीचा खर्च वेगळा. एप्रिल 2022 पासून ती फी 600 रुपयांवरून थेट 5,000 झाली होती. 65,000 मध्ये तेव्हा एक बरी मोटारसायकलसुद्धा येत नव्हती. पण ही गाडी मला रॅलीसाठी हवी होती आणि त्या हिशोबात खरेदीचा आकडा सगळ्यांत लहान असतो, हे मला तेव्हा पुरतं कळायचं होतं.

रॅली म्हटलं की आमच्या गावात झेंडे लावलेल्या मोटारसायकली आणि टेम्पोवरचे भोंगे डोळ्यांपुढे येतात. मोटारींची रॅली म्हणजे काय, ते घरी आईलासुद्धा समजावून सांगावं लागलं. एक प्रकार वेळेचा. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने, वाहत्या रस्त्यावर, कायद्याच्या मर्यादेत राहून मुक्कामावर नेमक्या सेकंदाला पोचायचं. लवकर गेलात तरी गुण कापतात. टाइम-स्पीड-डिस्टन्स म्हणतात त्याला, आणि त्यात चालकापेक्षा शेजारी बसलेल्या नॅव्हिगेटरचं डोकं जास्त चालतं. दुसरा प्रकार ऑटोक्रॉसचा: एखाद्या मोकळ्या माळावर आखलेली मातीची वळणं, एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. तिसरा खऱ्या टप्प्यांचा. रस्ता पूर्ण बंद करतात, गाड्या एकामागून एक ठरावीक अंतराने सुटतात आणि मातीवर, खडीवर जेवढा वेग झेपेल तेवढा. नझीर हुसेन यांनी 1980 साली सुरू केलेली हिमालयन रॅली याच मोठ्या धाटणीतली. वर्तमानपत्रात आलेला तिचा एक चिखलाने माखलेला फोटो मी शाळेच्या वहीत कित्येक वर्षं जपला होता. 1988 पासून राष्ट्रीय रॅली मालिका सुरू झाली. नाशिकच्या आसपासच्या मातीत तिची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही फेरी होत असे. आमच्यासारख्या नोकरी सांभाळून हौस करणाऱ्यांनी पहिल्या दोन प्रकारांत दोन-तीन वर्षं काढावीत आणि मग तिसऱ्याकडे बघावं, असं माझं ठाम मत आहे.

गाडी निवडताना सगळ्यांनी जिप्सी सुचवली. आपल्याकडे रॅली आणि जिप्सी हे नातं जुनंच आहे. 1985 ला आलेली ही गाडी लष्करात, पोलिसांत, डोंगरात सगळीकडे चालली आणि राष्ट्रीय मालिकेत आजही तिचा वेगळा वर्ग असतो. पण उत्पादन बंद झाल्यापासून चांगल्या जिप्सीचा भाव दरवर्षी चढतोय. पाट्यांच्या स्प्रिंगांमुळे ती धक्का सोसते, पण उंचीमुळे वळणावर नवख्या हाताला जपावं लागतं. दुसरीकडे फोक्सवॅगन पोलो होती. गेल्या दशकात आपल्या रॅल्या तिने गाजवल्या. तिचा एक पुढचा लोअर आर्म वाकला तर माझ्या महिन्याच्या बजेटचं काय होईल, ते मी कागदावर मांडून पाहिलं आणि कागद घडी करून ठेवला. एस्टीम हलकी होती, 900 किलोंच्या आतली. तिचं 1,298 सीसीचं इंजिन जिप्सीच्याच घराण्यातलं. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही या गाडीने देशभरच्या मातीत नाव कमावलं, पाच वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेले चंडीगडचे हरी सिंग यांच्यासारख्यांनी ती चालवली.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो: रविवारी संध्याकाळी चार वाजता हा भाग मोडला, तर अंधार पडायच्या आत तो मला कुठे मिळेल? एस्टीमच्या बाबतीत उत्तर होतं, उल्हासनगर. तिथे नाही मिळालं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. आणि ती उघडता येणारा मिस्त्री आमच्या प्रत्येक नाक्यावर होता. ज्यांची नजर रोजच्या सरावाने तयार झाली आहे अशा हातांना जी गाडी ओळखीची, तीच खात्रीची गाडी. कंपनीच्या माहितीपत्रकात हा गुण कुठेही छापलेला नसतो.

उल्हासनगरबद्दल बाहेरचे लोक हसून बोलतात, ते मला कधी आवडलं नाही. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबांना लष्कराच्या कल्याण कॅम्पच्या बराकींत आणून सोडलं. 1949 च्या ऑगस्टमध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. हाताशी काही नसताना जे मिळेल ते उघडून, समजून, पुन्हा बनवून या माणसांनी संसार उभे केले. कॅम्पातल्या ज्या दुकानातून मी भाग घेतो, त्याच्या मालकांना सगळे साईं म्हणतात. त्यांच्या फळीवर डब्यांना लेबलं नाहीत. मी चाकाचं बेअरिंग मागितलं की ते आधी विचारतात, “रोजसाठी की खेळासाठी?” खेळासाठी म्हटलं की वरच्या फळीवरून काढतात आणि पैसे जास्त घेतात. घ्यावेत. त्यांनी “हे नको नेऊस” म्हणून परत ठेवलेले भाग विकत दिलेल्या भागांपेक्षा मला जास्त उपयोगी पडले आहेत.

नव्या हौशी माणसाचा पहिला पैसा इंजिनावर जातो, दुसरा सायलेन्सरवर. गाडीचा आवाज बदलला की काहीतरी घडल्यासारखं वाटतं. मलाही तो मोह झाला होता. पण एस्टीमच्या इंजिनाची ताकद माझ्या हातापायांच्या मानाने पुष्कळ होती, आणि रॅलीत गाड्या ताकद कमी पडल्याने क्वचितच थांबतात. त्या थांबतात दहा रुपयांच्या क्लिपमुळे, फाटलेल्या रबरी बुटामुळे, गरम झालेल्या पाण्यामुळे. म्हणून पहिल्या वर्षी इंजिनात फक्त टायमिंग बेल्ट, ऑइल सील आणि वॉटर पंप बदलले. बेल्टचं वय वरून दिसत नाही, म्हणून जुन्या मालकाच्या शब्दावर तो ठेवायचा नाही. रेडिएटर उतरवून धुतला तेव्हा त्यातून वाटीभर तांबूस गाळ निघाला. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या टाकल्या, कारण पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि 2006 च्या रबराला त्याची सवय नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. आमच्या हवेत तर काय, चार महिने हवा प्यायला दिल्यासारखी असते. ते पूर्ण काढून नवं भरलं. शॉकअप जिथे बॉडीला टेकतात तिथे वरून पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. कंपनीतून पत्र्याचे जोड ठिपक्याठिपक्यांनी जोडलेले येतात. मातीच्या धक्क्यांनी ते हळूहळू उसवतात, जशी शिवण एका टाक्यापासून उसवत जाते.

इंजिनाखालच्या कवचावर घरात वाद झाला. मला 6 मिलिमीटर अॅल्युमिनियम हवं होतं. ते दगडावरून घसरतं आणि हलकं असतं. अर्ध्या चौरस मीटरला साधारण 8 किलो. तेवढ्याच 3 मिलिमीटर लोखंडी पत्र्याचे 12 किलो होतात. बहीण म्हणाली, “दादा, चार किलो कमी करायचे तर तू रात्रीचा भात सोड. लोखंड वाकलं तर हातोड्याने सरळ करता येतं.” लोखंड लावलं. त्यावर आज इतके पोचे आहेत की कुठला कधीचा ते सांगता येत नाही, आणि आतलं ऑइल पॅन नवं आहे.

गाडी एवढी झाली की ती बारवीच्या रस्त्यावर न्यायची, हे आधीपासून ठरलेलं होतं. बदलापुरातून मुळगावच्या बाजूने बाहेर पडलं की वस्ती विरळ होते, साग आणि ऐन दाटू लागतात आणि रस्ता धरणाच्या अंगाने मुरबाडकडे निघतो. बारवी धरण एमआयडीसीचं, 1972 चं. पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली. आता 72.60 मीटरच्या पातळीला ते भरतं आणि सुमारे 340 दशलक्ष घनमीटर पाणी साठतं. अंबरनाथ-डोंबिवलीच्या कारखान्यांना आणि आजूबाजूच्या शहरांना ते पाणी जातं. ज्या पाण्यावर आमचं शहर आणि माझी नोकरी चालते, त्याखाली कुणाची तरी शेतं आणि घरं गेली आहेत. या रस्त्याने जाताना मला ते दर वेळी आठवतं. पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे आपोआप उघडतात. कुणी बटण दाबायला लागत नाही.

या रस्त्यावर मी कधी गाडी पळवली नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. पहाटे साडेपाचला निघायचं, काचा पूर्ण खाली, ताशी 40 च्या आत, रेडिओ बंद. गाडी ऐकायची. सागाच्या भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे मोकळ्या हायवेवर जे ऐकू येत नाही ते इथे स्पष्ट कळतं. वळताना बाहेरच्या चाकातून टकटक टकटक आली तर एक्सेलचा जोड गेला. सरळ जाताना घुमणारा, वेगाबरोबर चढणारा सूर म्हणजे बेअरिंग. खड्ड्यात एकदाच ‘डब्’ झालं तर बुश, आणि तो आवाज दोनदा आला तर माउंटिंग. बहीण मांडीवर वही घेऊन प्रत्येक आवाज आणि त्याची जागा लिहायची. पहिल्या पावसाळ्यात त्या वहीची बावीस पानं भरली. दुसऱ्या पावसाळ्यात सहा.

दुसऱ्याच पावसाळ्यात, ऑगस्टमधल्या एका पहाटे, स्टिअरिंग हलकं लागलं. खेळ फार नव्हता, बोटभरसुद्धा नाही. गाडी डावीकडे वळवली की ती वळायची, पण आपण सांगितल्यावर क्षणभर विचार करून वळल्यासारखी. मी गाडी कडेला घेतली. जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि खाली आडवा होऊन टॉर्च मारली. टाय रॉडच्या टोकाला एक मुकुटासारखी खाचांची नट असते. तिच्या खाचेतून एक मऊ तारेची कॉटर पिन आरपार जाते आणि पाय फाकवून बसते, म्हणजे नट फिरू नये. पिन नव्हती. नट तीन आटे वर आली होती. आणखी थोडी फिरली असती तर टोक सुटलं असतं आणि पुढचं डावं चाक स्टिअरिंगचं ऐकेनासं झालं असतं. रस्त्याच्या त्या बाजूला उतार होता, खाली झाडी आणि त्याखाली पाणी.

आदल्या रविवारी ते काम मी स्वतः केलं होतं. बुश बदलताना जुनी पिन सरळ करून काढली आणि तीच परत वाकवून घातली. मऊ तार दोनदा वाकली की तिसऱ्यांदा तुटते, हे कारखान्यात मी नव्या मुलांना शिकवतो. दोन रुपयांची नवी पिन डबीत होती. डबी फळीवर होती आणि फळी चार पावलांवर होती. पाऊस येत होता, घाई होती. चिखलात आडवं पडून ती रिकामी खाच पाहताना माझ्या पोटात जे झालं ते मी विसरलेलो नाही, आणि विसरायचंही नाही. बहीण छत्री धरून उभी होती. तिने विचारलं, “काय झालं?” मी सांगितलं. ती काही बोलली नाही. वहीत त्या जागेपुढे तारीख घातली आणि लिहिलं: ‘पिन. आपली चूक.’ माझी म्हणून लिहिली असती तरी चाललं असतं.

त्या दिवसापासून गाडीवरच्या प्रत्येक महत्त्वाच्या नटवर पिवळ्या रंगाची एक रेघ आहे. नट पूर्ण कसली, पिन घातली की नटवरून बाजूच्या धातूवर ब्रशने सलग रेघ ओढायची. नट जराशी जरी फिरली तरी रेघ तुटते, टॉर्चच्या एका झोतात दिसते. कारखान्यात ही पद्धत वर्षानुवर्षं आहे. मी ती गाडीखाली न्यायला एक चिखल खर्च केला. एकूण त्र्याहत्तर रेघा आहेत. कामापूर्वी एकदा आणि कामानंतर एकदा, दोघांनी वेगवेगळ्या मोजायच्या. आकडा जुळला नाही तर गाडी निघत नाही.

वेळेच्या रॅलीत दोन हंगाम काढून झाल्यावर आम्ही पिंजऱ्याकडे वळलो. गाडी उलटली तर छत खाली बसू नये म्हणून आतून पाइपांचा जो सांगाडा करतात, तो. गाडीत याहून महत्त्वाची गोष्ट नाही आणि पैसे वाचवायला याहून वाईट जागा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे डोक्यामागची मुख्य कमान अखंड एकाच पाइपची हवी, थंड ओढलेली, बिनशिवणीची, 45 मिलिमीटर व्यासाला अडीच मिलिमीटर जाडी किंवा 50 ला 2. ती जिथे बॉडीला टेकते तिथे किमान 3 मिलिमीटर जाडीची आणि 120 चौरस सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे धक्का एका बिंदूवर न येता पसरतो.

अंबरनाथला आयुध निर्माणीतून टर्नर म्हणून निवृत्त झालेले एक काका आहेत. घराच्या मागच्या शेडमध्ये त्यांचं जुनं लेथ आहे आणि त्यांच्याकडे वेल्डिंग करणारा एक तरुण पोरगा. मी पाइप घेऊन गेलो.

“कुठनं आणलीस?”

“स्वस्तात मिळाली, काका. जाड आहे चांगली.”

काकांनी पाइपचं तोंड उजेडाकडे केलं आणि आत तर्जनी घालून सावकाश गोल फिरवली. एका ठिकाणी बोट थांबलं. मग माझा हात धरून माझं बोट आत घातलं. आतून एक बारीक उंचवटा लागत होता, लांबच्या लांब गेलेला.

“ही शिवण. पत्रा वळवून जोडलेली पाइप आहे ही. हिच्यातून पाणी ने, मांडवाला वापर. पोरीला घेऊन बसणार ना तू गाडीत? मग हिच्याखाली डोकं नको ठेवूस.”

ती पाइप तिथेच राहिली, आज तिच्यावर त्यांच्या अंगणातला वेल चढला आहे. बिनशिवणीची पाइप दाखल्यासकट आणायला मला दोन महिने आणि गाडीच्या निम्म्या किमतीएवढे पैसे लागले. दुसऱ्या पाइपवर घट्ट बसावं म्हणून पाइपचं टोक माशाच्या तोंडासारखं कोरावं लागतं. काका प्रत्येक जोडात वर्तमानपत्राचा कागद सरकवून बघायचे. कागद आत गेला की कानस माझ्या हातात. वेल्डिंगच्या आधी असा प्रत्येक जोड कोरडा बसायला हवा. वेल्डिंग भोक भरायचं काम करत नाही, असं ते त्या पोराला दिवसातून चारदा सांगायचे. अकरा रविवार गेले. पैसे किती, असं विचारलं तेव्हा त्यांनी पोराची मजुरी आणि गॅसचे सिलिंडर एवढंच लिहून दिलं. मग मी त्यांच्या शेडवरचे गळके पत्रे बदलून दिले. काकांनी ते चालवून घेतलं.

पिंजरा बसल्यापासून एस्टीम वाहत्या रस्त्यावर जात नाही. हेल्मेटशिवायच्या डोक्याला तीच पाइप घात करते, शिवाय अशा बदललेल्या गाडीची जागा आखलेल्या मैदानात आणि बंद टप्प्यात आहे. ती टेम्पोवरून जाते.

मोठ्या गाड्यांच्या बातम्या मी अजूनही वाचतो, पण आता वेगळं काही शोधत वाचतो. 1968 साली लंडन ते सिडनी अशी एक अचाट मोटारशर्यत झाली. युरोप, तुर्कस्तान, अफगाणिस्तान करत गाड्या दिल्लीहून मुंबईत आल्या आणि मुंबईच्या बंदरातून बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. निघाल्या 98, पोचल्या 56. जिंकली हिलमन हंटर. इंग्लंडातल्या कुठल्याही घरापुढे उभी असेल अशी साधी चार दारांची गाडी, नीट बांधलेली. तिच्यापुढे असलेली सित्रोएन सिडनी हाकेच्या अंतरावर असताना समोरून आलेल्या एका खासगी गाडीवर आदळली. 2025 च्या जानेवारीत पुण्याचे संजय टकले टोयोटा लँड क्रूझर घेऊन डकार क्लासिकमध्ये उतरले. जुन्या गाड्यांची ती स्पर्धा, वाळवंटातली, आणि तिचा कणा आमच्या बारवीच्या सकाळींसारखाच: ठरलेली सरासरी, सेकंदाचा हिशोब. त्या बातमीचं कात्रण काकांच्या शेडमध्ये लावलं आहे.

एक बातमी मात्र मी कुठे लावलेली नाही. सप्टेंबर 2019 मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय रॅलीच्या बंद टप्प्यावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातली तिघं जागच्या जागी गेली. नव्या मुलांना गाडी दाखवताना मी हे आधी सांगतो, पिंजऱ्याच्या आधी. खात्रीची गाडी म्हणजे काय, याचा विचार आपण आपल्या नटांपासून सुरू करतो. समोरच्या वळणापलीकडे कोण चालत येतंय, तिथपर्यंत तो पोचायला हवा. बारवीच्या रस्त्यावर मोळी घेऊन ठाकूर-कातकरी बाया येतात, शाळेची मुलं तिघं-चौघं ओळीने चालतात, मे-जूनमध्ये जांभळाच्या टोपल्या घेऊन माणसं पहाटेच स्टेशनकडे निघतात. त्यांच्या दृष्टीने तो रस्ता कधीच बंद नसतो.

अजूनही आम्ही रविवारी तिथे जातो, आता घरच्या वॅगन-आरमधून. बंद टप्प्यांत नॅव्हिगेटर वळणांच्या नोंदी वाचून दाखवतो. एक म्हणजे सगळ्यांत आवळ वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. त्या लिहायचा सराव म्हणून बहीण दर खेपेला नवी वही करते. सगळे इंग्रजीत वाचतात. आम्ही मराठीत करून पाहिलं आणि मला ते वेळेत ऐकू येतं असं लक्षात आलं. ‘डावं चार, उघडतं.’ ‘उजवं दोन, आवळतं, खडी.’ ‘आत नको’ म्हणजे आतल्या कडेला दगड आहे, वळण कापू नकोस.

परवाच्या रविवारी पाऊस सारखा लागला होता. धरण भरत आलं होतं, पलीकडचा डोंगर दिसत नव्हता. गाडी ताशी पस्तीसने चालली होती आणि बहीण मागच्या खेपेच्या नोंदी वाचत होती, आवाज न चढवता, मी वळणावर पोचायच्या आधी.

“डावं पाच. चढ. उजवं तीन, मोरी, माणसं.”

“माणसं काय? टप्प्याच्या नोंदीत माणसं नसतात.”

“इथे असतात,” ती म्हणाली.

मी ब्रेकवर पाय ठेवला. उजवीकडे वळून मोरी आली. मोरीवरून पाणी जेमतेम घोटाभर वाहत होतं आणि एक म्हातारी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन, हातातली काठी आधी पाण्यात टेकवत, एकेक पाऊल पलीकडे जात होती. मी इंजिन बंद केलं. बहिणीने वहीत ‘माणसं’च्या खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि आम्ही म्हातारी पलीकडे पोचायची वाट बघत बसलो.